काजीसाहेब, जज्जसाहेब आणि भाभींची नक्कल

दुपारची भांडी आवरून जरा टेकले होते, तेवढ्यात दार वाजलं. बघते तर भाभी. आमच्या बचत गटातल्या, गोधड्या शिवणाऱ्या. एरवी "ताई, चहा टाका" म्हणत थेट स्वयंपाकघरात येणाऱ्या भाभी त्या दिवशी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. हातात कोर्टाच्या कागदाची झेरॉक्स. म्हणाल्या, "ताई, वकीलसाहेबांनी दिलंय. वाचून सांगा, माझा तलाक झालाय का?"

मैत्रिणींनो, आपलं लग्न टिकलंय की मोडलंय हे बाईला शेजारणीकडून वाचून घ्यावं लागतं, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं. झालं होतं असं. भाभींचा नवरा पुण्याला कामाला. आधी महिन्याला येणं, मग सणाला, मग तेही बंद. दोन वर्षं एक रुपया नाही. पदरात दोन मुलं. शेवटी 2021 साली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, भाभींनी पोटगीसाठी अर्ज केला. नवऱ्याने वकिलामार्फत लेखी म्हणणं दिलं, आणि त्यात एक ओळ होती: मी हिला 2019 सालीच, एकेक महिन्याच्या अंतराने तीन वेळा तलाक दिला आहे, सबब ही माझी पत्नी नाही.

"माझ्यासमोर तर कधी तोंडातून शब्द काढला नाही," भाभी म्हणाल्या. "कुणाला दिला तलाक? भिंतीला?"

त्यांना एकच सुचत होतं. काजीसाहेबांकडे जायचं. काजी म्हणजे त्यांचा न्यायाधीश, तो सांगेल ते खरं. खरं सांगायचं तर माझाही समज तोच होता. मी बी.ए. इतिहास घेऊन केलं. मुसलमानी अमलात काजी न्याय द्यायचा, हे परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले. आणि 'मियाँ बीवी राजी तो क्या करेगा काजी' तर आपल्याकडे शाळकरी पोरंही म्हणतात. तेव्हा मी पदर सावरला आणि निघाले भाभींबरोबर.

काजीसाहेब वयस्क, बोलणं मऊ. त्यांच्या घरी जुनी निकाहची रजिस्टरं अजून कापडात बांधून ठेवलेली आहेत, काही उर्दूत, काही मराठीत. भाभींचं सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ताई, लोक मला काजी म्हणतात, पण निवाडा करायचा अधिकार मला नाही. मी निकाह लावतो, रजिस्टरात लिहितो. कुणी विचारलं तर मजहब काय सांगतो ते सांगतो. त्या माणसाला पुण्याहून इथं बोलवायची ताकद माझ्यात नाही."

मी थक्कच झाले. घरी आल्यावर वाचनालयातून पुस्तकं आणली, वकीलसाहेबांना छळलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. इंग्रजांच्या सुरुवातीच्या काळात कोर्टात इंग्रज न्यायाधीशाशेजारी शास्त्री आणि मौलवी बसायचे. हिंदूंचं प्रकरण असलं की शास्त्रीबुवांना विचारायचं, मुसलमानांचं असलं की मौलवीसाहेबांना. 1864 साली ही पद्धत बंद झाली आणि काजींच्या सरकारी नेमणुकाही थांबल्या. मग निकाह लावायला अधिकृत माणूस मिळेना, म्हणून 1880 साली काजी कायदा आला. पण त्यातच स्पष्ट लिहिलं, की या कायद्याने काजीला न्यायदानाचा किंवा कारभाराचा कुठलाही अधिकार मिळत नाही. म्हणजे नाव राहिलं, खुर्ची गेली.

आपला जिल्हा तेव्हा इंग्रजांकडे नव्हता, निजामाकडे होता. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत इथल्या कोर्टाची भाषा उर्दू. (2023 पासून जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण कचेरीतले शब्द कोण बदलणार? वकील, फिर्याद, दावा, तारीख, कैफियत, नक्कल, हुकूम! सासू-सुनेच्या भांडणातही आपण 'इन्साफ' मागतो.) आणि खेडोपाडी मुलाणी तर बलुतेदारांतलाच एक. म्हणजे काजी-मुलाणी ही माणसं आपल्याला परकी नव्हती. परकं होतं ते त्यांच्या न्यायाचं शास्त्र.

ते शास्त्र मला जसं समजलं तसं सांगते. जुन्या इस्लामी व्यवस्थेत काजी कायदा करत नाही. कायदा आहे कुराणात, पैगंबरांच्या वागण्या-बोलण्यात आणि त्यावर पिढ्यानपिढ्या विद्वानांनी केलेल्या विचारात. आपल्याकडे बहुतेक हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांच्या परंपरेतले. काजीने समोरच्या माणसाचं ऐकायचं, साक्ष घ्यायची, शपथ घ्यायची, अडलं तर मुफ्तीला विचारायचं आणि त्या एका प्रकरणाचा निवाडा करायचा. उद्या दुसऱ्या गावच्या काजीपुढे तसंच प्रकरण आलं तर आजचा निवाडा त्याला बांधील नाही. तो पुन्हा मूळ ग्रंथांकडे जाणार.

आपल्या कोर्टांची रीत इंग्रजांकडून आलेली, आणि ती बरोबर उलट. इथे वरच्या कोर्टाने एका बाईच्या प्रकरणात जे सांगितलं ते खालच्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक. सुप्रीम कोर्टाचं असेल तर राज्यघटनेच्या कलम 141 प्रमाणे देशभर. म्हणून तर वकिलांच्या टेबलावर निकालांच्या जाडजूड खंडांची चळत असते. न्यायाधीश कायदा नुसता वापरत नाही, वापरता वापरता घडवतोही. पुन्हा इथे वकील भांडतात आणि न्यायाधीश ऐकतो. काजी मात्र स्वतः विचारतो, समजावतो, जमलं तर सुलह करून घरी पाठवतो. बायकांच्या दृष्टीने यातलं चांगलं कुठलं, याचं उत्तर मला आधी सोपं वाटलं होतं. तसं ते नाही.

काजीच्या पदाची भीती तर तिकडे फार मोठी. काजी तीन प्रकारचे, त्यातला एकच स्वर्गात जाईल, अशी हदीस काजीसाहेबांनी मला सांगितली. सत्य ओळखून त्याप्रमाणे निवाडा करणारा तो एक. सत्य कळूनही उलटा निवाडा करणारा आणि काही न कळता निवाडा करणारा, दोघंही नरकात. खुद्द अबू हनीफांनी खलिफाने देऊ केलेलं काजीपद नाकारलं आणि त्यापायी तुरुंग सोसला असं सांगतात. त्यांचेच शिष्य अबू युसूफ पुढे हारून अल रशीदच्या काळात सर्व काजींचे प्रमुख झाले. आपल्या रामशास्त्री प्रभुण्यांच्या गोष्टीवर वाढलेल्या मला हे ऐकून फार जवळचं वाटलं.

असो. भाभींकडे वळते.

काजीसाहेबांनी त्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की कुराणात सूरह निसामध्ये पस्तिसावी आयत आहे. नवरा-बायकोत बिनसलं तर एक मध्यस्थ त्याच्या घरचा, एक तिच्या घरचा नेमा, समेट घडवायचा प्रयत्न करा. "यांच्यात कुणी मध्यस्थ बसले होते का?" त्यांनी विचारलं. भाभी म्हणाल्या, कुणीच नाही. दुसरी गोष्ट सांगताना ते अडखळले. "पण ताई, खरं बोलतो. आमच्या हनफी मतात नवरा स्वतः म्हणाला की मी तलाक दिला, तर बहुतेक मुफ्ती म्हणतील की झाला. मध्यस्थ बसवले नाहीत, याचा गुन्हा त्याच्या माथी."

भाभींचा चेहरा उतरला. मला राग आला, पण तो काजीसाहेबांवर काढण्यासारखा नव्हता. ते जे होतं ते सांगत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वकीलसाहेबांकडे. मध्यस्थांची गोष्ट मी त्यांना अगदी उत्साहाने सांगायला गेले, तर ते हसले आणि कपाटातून एक निकाल काढला. मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ, मे 2002, दगडू पठाण विरुद्ध रहिमबी. तीन न्यायमूर्तींचं पूर्णपीठ. प्रश्न तोच. पोटगी मागायला आलेल्या बायकोला नवरा कोर्टात सांगतो की मी तलाक दिलाय. एवढं म्हणणं पुरे का? पूर्णपीठाने सांगितलं, नाही. नवऱ्याची नुसती मर्जी पुरत नाही. तलाकचं कारण बायकोला कळवलं का, दोन्हीकडचे मध्यस्थ नेमले का, त्यांनी समेटाचा प्रयत्न केला का, तो फसला का, हे सगळं त्याने पुराव्याने सिद्ध करायचं. आणि यासाठी आधार कशाचा? त्याच सूरह निसाच्या पस्तिसाव्या आयतीचा!

म्हणजे काजीसाहेब आणि न्यायमूर्ती दोघांनीही बोट ठेवलं एकाच ओळीवर. काजीसाहेबांसाठी ती चांगल्या माणसाने पाळायची आज्ञा. न्यायमूर्तींसाठी ती अट. पाळली नाही तर तलाकच नाही. फरक एवढाच, पण भाभींचं सगळं त्यातच होतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने शमीम आरा प्रकरणात जवळपास हेच म्हटलं, की कैफियतीत 'मागे कधीतरी तलाक दिला' असं लिहिल्याने तलाक होत नाही. पुढे 22 ऑगस्ट 2017 ला शायरा बानो प्रकरणात एका दमातला तिहेरी तलाक रद्द झाला. तेव्हा पाच न्यायमूर्ती पाच धर्मांत जन्मलेले: खेहर, कुरियन जोसेफ, नरिमन, लळित आणि अब्दुल नझीर. निकाल तीन विरुद्ध दोन. न्यायमूर्ती जोसेफ यांनी तर शमीम आराचाच आधार घेतला. 2019 मध्ये संसदेने असा तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. तो कायदा आला आणि नवरे हुशार झाले. 'एका दमात नाही, महिन्या-महिन्याने दिला' असं लिहायला लागले. भाभींच्या नवऱ्याने तेच केलं होतं.

आता इथे माझ्या वाचक मैत्रिणींपैकी कुणी म्हणेल, मग काय, कोर्टच बरं! थांबा. कुराणाचा अर्थ न्यायाधीशाने लावावा का, हा वाद जुना आहे. 1897 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने बजावलं होतं, की जुन्या अधिकारी भाष्यकारांच्या विरोधात जाऊन कोर्टांनी कुराणाचा स्वतःचा अर्थ लावू नये. झालं काय, त्यामुळे पुस्तकातलं मत तिथल्या तिथे गोठलं. ज्या परंपरेत मुफ्ती काळवेळ बघून वेगळं मत देऊ शकत होता, तिथे एकदा निकालात लिहिलेली ओळ पन्नास वर्षं घासून वापरली गेली. कोर्टातला मुसलमानी कायदा तो हाच, अर्धा मौलवींचा आणि अर्धा इंग्रजांचा. गंमत म्हणजे त्यावरचं सगळ्यात चालणारं पुस्तक 'मुल्ला'. मी समजत होते कुणा मुल्लाजींचं असेल. ते निघाले मुंबईचे पारशी, दिनशा फरदुनजी मुल्ला!

शाहबानोच्या वेळी हाच वाद पेटला होता. इंदूरची ती म्हातारी. मॅजिस्ट्रेटने तिला महिना 25 रुपये दिले, हायकोर्टाने ते 179 रुपये 20 पैसे केले. 23 एप्रिल 1985 ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने ते कायम केलं, तेव्हा त्यांनी कुराणातल्या आयतींचाही अर्थ सांगितला. संताप उसळला तो बराचसा त्यावर, 179 रुपयांवर नव्हे. मग 1986 चा कायदा आला, तिची पोटगी इद्दतपुरती करणारा असं सगळे म्हणाले. तिच्याच बाजूने लढलेले वकील दानियल लतीफी कोर्टात गेले आणि 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच कायद्यातून अर्थ काढला, की इद्दतीच्या मुदतीत द्यायचं, पण पुढच्या आयुष्याला पुरेल असं द्यायचं. जुलै 2024 मध्ये तर, तलाक झालेली मुस्लिम बाई इतर बायकांसारखीच साध्या फौजदारी कायद्याखाली पोटगी मागू शकते, हेही स्पष्ट झालं. (पूर्वीचं कलम 125, आता नव्या संहितेत कलम 144.) कायद्याचे शब्द तेच राहिले, न्यायाधीशांनी त्यात बाईला जागा करून दिली.

आणि हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टानेही 1967 साली खुर्शीद बीबीच्या प्रकरणात ठरवलं, की नवऱ्याची संमती नसली तरी कोर्ट बाईला खुला देऊ शकतं. तिथे न्यायाधीशही मुसलमान आणि ग्रंथही तोच, फक्त खुर्ची इंग्रजी पद्धतीची.

भाभींच्या तारखा सुरू झाल्या. समन्स परत आलं, पुन्हा गेलं, मग वॉरंट निघालं तेव्हा नवरा उगवला. हे काजीसाहेबांना जमलं नसतं, खरंय. पण काजीसाहेबांनी एका बैठकीत ऐकून घेतलं होतं, आणि इथे पुकारा होण्याची वाट बघत आम्ही कडुनिंबाखाली किती दुपारी काढल्या त्याचा हिशेब नाही. भाभींची त्या दिवसाची शिलाई बुडायची ती वेगळीच. एकदा तर सकाळपासून बसून चार वाजता कळलं, पुढची तारीख. भाभी म्हणाल्या, "इन्साफ मिलेगा ताई, लेकिन तब तक मैं बुढ्ढी हो जाऊंगी."

खुर्चीवर होती माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. पहिल्यांदा बघून भाभी माझ्या कानात म्हणाल्या, "एवढीशी पोर जज्जसाहेब?" मी त्यांना सांगितलं, सुप्रीम कोर्टाची पहिली बाई न्यायाधीश मुसलमान होती. केरळच्या फातिमा बीवी, 1989 साली. भाभींनी ते पुढे गटातल्या निदान दहा जणींना सांगितलं असेल. बाई काजी होऊ शकते का, यावर जुन्या पंडितांत मतभेद आहेत. हनफी मत तर म्हणतं, काही गंभीर फौजदारी प्रकरणं सोडून होऊ शकते. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने मुंबईत बायकांना काजीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता!

उलटतपासात वकीलसाहेबांनी नवऱ्याला साधे प्रश्न विचारले. कुठल्या तारखेला? कुणासमोर? तिच्या माहेरचं कोण होतं? तुमच्याकडचं कोण? तो गप्प. मग म्हणाला, फोनवर सांगितलं होतं. कुठल्या नंबरवर, तेही सांगता येईना. 2024 च्या सुरुवातीला निकाल लागला. तलाक सिद्ध झाला नाही, पत्नी म्हणून भाभींना महिना तीन हजार, दोन्ही मुलांना दीड-दीड हजार, अर्जाच्या तारखेपासून.

मी पेढे घेऊन गेले. भाभी शिवत बसल्या होत्या. पेढा घेतला, पण हसल्या नाहीत. "ताई, कोर्टात मी बायको, गल्लीत तलाकवाली. त्याच्या घरचे सगळ्यांना सांगत फिरतात, हुजूरने दिलेला तलाक कोर्ट कसं मोडणार? उद्या मला दुसरं घर करायचं म्हटलं तर मी कोण?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवऱ्याने स्वतः तलाक दिला म्हटलंय, तेव्हा काजीसाहेब दुसरा निकाह लावतीलही. पण कोर्टाच्या लेखी ती अजून त्याचीच बायको. आम्ही पुन्हा दोन्हीकडे गेलो. काजीसाहेब म्हणाले, खुला घ्या, मी दोन्हीकडच्यांना बसवतो. पण त्याला नवऱ्याची तयारी लागते, आणि तो मेहर परत मागेल. वकीलसाहेब म्हणाले, 1939 च्या कायद्याने दावा टाकू. दोन वर्षं पोसलं नाही, हे कारण त्यात सरळ लिहिलंय.

हा 1939 चा कायदाही गमतीचाच. हनफी मतात बाईला स्वतःहून सुटायला वाट फार अरुंद. म्हणून काही बायका धर्मच सोडायला लागल्या, कारण धर्म सोडला की निकाह आपोआप तुटतो असं मानत. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींसारख्या विद्वानाने मालिकी मतातून सुटकेची कारणं उसनी घ्यायला मान्यता दिली. त्यावरूनच हा कायदा झाला. उलेमांची मात्र एक अट होती, की हे दावे मुसलमान न्यायाधीशापुढेच चालावेत. कायद्यात ती अट काही राहिली नाही. म्हणून काहीजण अजून म्हणतात, कोर्टाच्या हुकमाने निकाह सुटला तरी मनाला पटत नाही. 2014 साली सुप्रीम कोर्टाने दारुल कझा आणि फतव्यांबद्दल सांगितलं, की कुणी स्वखुशीने ऐकलं तर ठीक, पण त्याला कायद्याचं बळ नाही. बळ कोर्टाकडे आहे, पण गल्लीतला शब्द काजीसाहेबांचा चालतो. भाभींना दोन्ही हवं होतं, आणि त्यात त्यांचं काय चुकलं?

शेवटी काजीसाहेबच म्हणाले, "दावा टाका. हुकूम आला की मला दाखवा, मी नवऱ्याच्या वडिलांना बोलावतो आणि चार माणसांसमोर त्यांच्याकडून खुलाचा कागद घेण्याचा प्रयत्न करतो." वकीलसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, कायद्याने त्याची गरज नाही. मग जरा थांबून म्हणाले, पण करा.

दावा टाकलाय. पोटगीची थकबाकी हप्त्याहप्त्याने येते, तीही वसुलीचा अर्ज केल्यावर. मी वकीलसाहेबांना एकदा विचारलं, भाभींचा निकालही आता बाकीच्यांना उपयोगी पडेल का, रहिमबीसारखा? ते म्हणाले, नाही हो वहिनी, खालच्या कोर्टाचा निकाल कुणाला बांधील नसतो. तो फक्त त्यांचा.

भाभींनी त्या निकालाची शिक्क्याची नक्कल निकाहनाम्याशेजारी लोखंडी पेटीत ठेवली आहे. गेल्या महिन्यात उमरग्याकडची एक ओळखीची बाई मुलाला कडेवर घेऊन त्यांच्याकडे आली. तिच्याही नवऱ्याने तेच लिहून दिलंय. भाभींनी पेटी उघडली, नक्कल काढली आणि मला हाक मारली, "ताई, झेरॉक्सला चला. दोन काढू, एक हिच्या वकिलाला, एक हिच्या गावच्या काजीसाहेबांना."